चालते का?

फोनवर मला विचारावं लागतं :
गाडी चालते का? चाव्या आहेत का? कागद कुणाच्या नावावर?
फॉर्ममध्ये एवढ्याच चौकटी.

डुलुथहून आर्डिस लिंडग्रेन म्हणाली,
चालते. चालवणारा गेला, मार्चमध्ये.
मग बराच वेळ लाइनवर
तिच्या स्वयंपाकघरातला फ्रिज तेवढा घुरघुरत होता.

पिकअप. सत्त्याण्णवची. रंग?
"आता गंजाचाच म्हणा.
इथे बर्फावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं."
सीट मागे सरकवलेली, त्याच्या पायांच्या मापाने.
पाठीशी दोन उशा घेऊन
सबंध उन्हाळा ती किराणा आणत राहिली,
सीटचा दांडा काही ओढला नाही.

पैसे कुणाला द्यायचे? मी यादी वाचू लागले :
हॉस्पिस, वाचनालय, कुत्र्यांचा निवारा…
"कुत्र्यांना नको. त्याला एक चावलं होतं."
आणि हसली. मीही, नियमात नसताना.
"वाचनालयाला द्या.
तिथे झोपायचा तो, पेपर तोंडावर घेऊन."

मंगळवारी टो-ट्रक गेला. रॉस्कोने कळवलं,
बाईंनी टाकी काठोकाठ भरून ठेवली होती.
सांगितलं त्यांना, लिलावात जाईल, नाहीतर भंगारात,
पेट्रोल फुकट.
तर म्हणाल्या,
रिकाम्या पोटी कसं पाठवायचं घरातून?

चौकटीत मी लिहिलं : चालते.
शेऱ्याचा रकाना आम्ही कोराच सोडतो.
त्यात लिहिलं :
उशा दोन. परत दिल्या.