आकडा

घरी आम्ही त्याला आकडा म्हणतो.
इथे हजिऱ्यात सगळे कटिया म्हणतात.
तारेवर टाकला की कुणाच्या घरी उजेड,
वहीत टाकला की माझा पगार.
आईच्या भाषेने एकच शब्द दोन्हीकडे पुरवला,
काटकसरी भाषा.

रोज लश्करातून विक्रमने येते.
बंद गिरणीच्या मागे आमचं झोन ऑफिस.
मंडळ जाऊन कंपनी झाली तेव्हा
पाटी बदलली, खिळे तेच राहिले.
शंभर युनिटं फीडरवर चढतात,
बिलात उतरतात चोपन्न.
उरलेल्या सेहेचाळीसांना आम्ही तूट म्हणतो,
जणू ती चप्पल तुटून वाटेत कुठे बसलीयत.

वरून फोन येतो, तूट चाळिसाच्या आत दाखवा.
दाखवा म्हणतात. आणा म्हणत नाहीत.
हा फरक कळायला मला एकवीस वर्षं लागली.

मे महिन्यात डीपी तापते
तेव्हा तिच्यासमोर कूलर मांडतो.
कूलर तिच्याच विजेवर चालतो.
मी त्याचा फोटो काढून ठेवलाय,
भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोशेजारी.
अर्थशास्त्र कुणाला समजावायची वेळ आली तर असावा.

ठाण्याचं बिल आठ वर्षं थकलंय.
पाणीपुरवठ्याचं त्याहून जुनं.
शिपाई नोटीस घेऊन जातो, चहा पिऊन येतो.
आणि अनुदान येतंय.
माझ्या लग्नाला एक मामा असाच भिंडहून येत होता,
निघालोय म्हणाला होता.

रामसिया कुशवाह, लाईनमन, ठेक्यावर.
त्याच्याकडे रबरी हातमोजा एकच, उजवा.
डाव्याची मागणी स्टोअरकडे प्रलंबित.
फेब्रुवारीपासून ठेकेदाराने त्याला पगार दिला नाही,
कारण आम्ही ठेकेदाराला दिला नाही,
कारण आमच्याकडे जे आलं ते वीज विकणाऱ्यांनी
दारातच मोजून घेतलं.
मग रामसियाने बिल भरलं नाही.
दोन हजार एकशे अठरा, अधिभार धरून.
अधिभार सॉफ्टवेअर लावतं,
बटण मी दाबते.

तोडणीची यादी निघाली. सदतिसावं नाव त्याचं.
यादी त्याच्याच हातात.
बोट ठेवत ठेवत वाचत आला, बोट थांबलं.
"मॅडम, हमाओ भी?"
मी म्हणाले, यादी वरून आलीय.
पंचनाम्याला मीच होते त्या दिवशी.
छत्तीस घरं झाली. मग तो स्वतःच्या गल्लीत वळला,
खांबाला शिडी लावली.
शिडी धरायला त्याची बायको आली,
शिडी कुणीतरी धरायला हवीच.
वर पक्कड मिटल्याचा आवाज,
खाली घरात पंखा अजून चार-सहा फेरे फिरला,
सवयीने.

त्याच गल्लीत सतरा घरांवर आकडे लोंबत होते.
त्यांची नावंच आमच्याकडे नाहीत,
तर यादीत येणार कशी?
एका म्हातारीने आम्हा सगळ्यांना पाणी दिलं,
थंड, फ्रिजमधलं.
प्यायले मी.

रामसियाचं येणं सत्तावीस हजार, एका कपाटात.
रामसियाकडून येणं दोन हजार एकशे अठरा, दुसऱ्यात.
मधल्या खुर्चीवर मी. हात दोन्हीकडे पोचतो.
शाळेत वजाबाकीत मला नेहमी पैकीच्या पैकी मिळायचे.
इथे ती करायचा अधिकार अधीक्षक अभियंत्यांनाही नाही,
मी विचारलं होतं, लेखी,
उत्तरात माझंच पत्र परत आलं, शिक्का मारून.

मार्चअखेरचं चढवून ठेवलेलं सगळं
उतरवता उतरवता रात्रीचे साडेनऊ झाले.
विक्रम त्याच गल्लीच्या तोंडाशी थांबला,
सवारीसाठी.
सगळीकडे उजेड होता.
त्याच्या खिडकीत होता का, ते पाहिलं नाही.
मी पर्समध्ये सुट्टे पैसे शोधत होते.
भाडं आधीच दिलं होतं.