अकरानंतर सतरा

कचराळी तलावाच्या कडेनं सकाळी सव्वासातला
आमची रांग निघते. रांग आपलं म्हणायचं,
खरं तर सांडलेले मणी.
पुढे इक्बाल, हात मागे बांधून, पाहणीला आल्यासारखा.
शेवटी मृदुला, कारण तिला
दर बदकाची चौकशी करायची असते.
मध्ये विश्राम दळवी, वय एक्केचाळीस,
बुटांना वेल्क्रो, खिशात घडी घातलेला रुमाल.

मी खो-खोतली. पाठीवर थाप पडली
की उठायचं आणि सुटायचं, एवढंच येत होतं.
इथे थाप दिली की विश्राम वळून
मलाच थाप देतो, आणि हसत बसतो.
पहिला महिना असाच गेला.

मग हॉल. चटया. डंबेल म्हणून
पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या.
मोजणी विश्रामकडे:
नऊ, दहा, अकरा, सतरा, वीस!
सतराला मृदुला टाळी वाजवते, बाटली पडते.
नव्या फिजिओनं एकदा हळूच 'बारा' म्हटलं
तर अख्खा हॉल त्याच्याकडे बघत राहिला,
पंगतीत कुणी भलतंच बोलावं तसा.

तीन महिन्यांनी फॉर्म. वजन, कंबर,
सहा मिनिटांत किती मीटर.
विश्राम एकशे नव्वद. कारण चौकीदाराच्या खुर्चीपाशी थांबून
तो त्याच्या गुडघ्याची विचारपूस करतो
आणि उत्तर पूर्ण ऐकतो.
वजन जैसे थे. कंबर अर्धा इंच कमी,
तेही बहुधा मी टेप ओढून धरली म्हणून.
'प्रगती'पुढे मी रेघ मारली.

सहीसाठी फॉर्म दळवीकाकूंपुढे धरला.
चौऱ्याहत्तरच्या. पाचपाखाडीहून त्याच्याबरोबर चालत येतात.
पिशवीत चष्मा शोधता शोधता म्हणाल्या,
"परवा त्यानं नखं कापली.
पायाची. स्वतःची. वाकून.
इतकी वर्षं मीच कापायचे. हल्ली मला वाकवत नाही.
सांगणार कुणाला? मोज्यात वाढत होती."

चष्मा सापडला. सही राहिली.

"मग माझ्या पायांकडे बघत बसला.
म्हणाला, आई, तुझीपण.
म्हटलं, रक्त काढशील रे.
तर कालचा पेपर पसरून बसलासुद्धा खाली.
एकेक बोट धरून मोठ्यानं मोजत होता."

"मग?" मी विचारलं. "चुकला कुठे?"

"दहाच तर असतात," काकू म्हणाल्या.
"दहापर्यंत कुठे चुकतो तो?"