फक्की

सकाळी सहाला मैदानात पहिला मीच.
बॉल नाही, बूट नाही, हातात पत्र्याचा डबा,
बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं
आणि आत फक्की.

"आधी रेघ मार," लाडतात्या म्हणायचे,
"जिच्याबाहेर गेलं की शिट्टी वाजते
ती एकदा तरी आपल्या हातानं मारावी माणसानं."

तात्या उद्यमनगरात, फौंड्रीत.
रात्रपाळी सुटली की सायकल थेट मैदानावर,
भुवयांत मोल्डिंगची काळी वाळू,
डावा गुडघा पट्ट्यानं आवळलेला.
कधीकाळचे लेफ्ट हाफ. किती भारी,
ते त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही;
ऐकलं पानपट्टीवाल्याकडून,
दर खेपेला एक गोल वाढवून.

तीन महिने मी रेघाच मारल्या.
पेठेतली पोरं कठड्यावरून हसायची,
"साप काढलायस काय रं?"
तात्या दोरी काही द्यायचे नाहीत.
"पायाकडं बघालायस, म्हणून वाकडी येते.
पल्याडच्या झेंड्याकडं बघ. आणि चाल."

मग एका रविवारी पट्टी माझ्या दंडावर आली,
सायकलची जुनी ट्यूब कापून केलेली,
घामानं काळी उतरणारी.
निसारचा पाय माझ्यापेक्षा गोड,
आदगोंडा माझ्या दुप्पट पळणारा,
हे मला ठाऊक होतं, त्यांनाही.
म्हणूनच असेल, मी ओरडत सुटलो:
पास दे, मागं ये, झोपलास काय,
डोळं फुटलं काय!
हाफटाइमला घसा बसलेला
आणि आम्ही दोन गोलनं मागं.

तात्या लिंबू चिरत होते.
"अकरा जणांची नावं सांग."
घडाघडा सांगितली.
"आता सांग, ह्यातला उपाशी कोण खेळालाय?"

कोपऱ्यात प्रदीप घोसरवाडे
लेस सोडत होता, बांधत होता, परत सोडत होता.
आई सीपीआरला. तिसरा दिवस.
मी बॅकला त्याच्या शेजारीच खेळत होतो,
चार हातांवर.

"ओरडणं वेगळं," तात्या म्हणाले,
"हाक मारणं वेगळं."
आणि खिशातला गुळाचा खडा
त्याला नाही दिला, माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या हाफमध्ये मी फक्त नावं घेतली.
निसार. आदू.
पद्या, मी हाय मागं.

हरलोच. दोन-एक.
(हल्ली सांगताना कधीकधी बरोबरी करून टाकतो,
पानपट्टीवाल्याचा गुण.)
तो एक गोल कुणाचा, आठवत नाही.
आठवतं ते हे, की संध्याकाळी सीपीआरच्या पायऱ्यांवर
चिखलातली अकरा पोरं,
"दोघंच आत जावा" म्हणून खेकसणारी सिस्टर,
नजर चुकवून घुसलेले आम्ही सगळे,
आणि पद्याची आई उशीला टेकून उठत
विचारते,
"जेवलासा काय रं?"

आता रविवारी मैदान माझ्याकडं.
तात्या येत नाहीत, गुडघा.
कट्ट्यावर बसून निकाल विचारतात,
पण त्याआधी विचारतात,
आज आलं नव्हतं कोण, आणि का.

निसारची थोरली, महेक, नव्यानं यायला लागलीय.
पहिल्या दिवशी विचारलं, "बॉल कधी मिळणार?"
मी डबा दिला. तोच नाही, तो केव्हाच गंजला;
हा तुपाचा आहे, भोकं मात्र खिळ्याचीच.

आज सकाळी बघतोय,
मधल्या रेघेवर कुत्रं झोपलंय.
महेकनं तिथं रेघ थांबवली,
त्याला वळसा घातला,
पलीकडून पुन्हा सुरू केली,
आणि जोड चुकलाच, वीतभर.

मी ओरडणार होतो.
नाव घेतलं नुसतं. महेक.
वळली नाही ती.
डबा हलवत, पांढरी पावलं उमटवत
पल्याडच्या झेंड्याकडं बघत
चाललेली.