दुसरी पाळी, भाग आठवा

मिरजेत, स्टेशनपासून हाकेवर,
दुसऱ्या मजल्यावर सहा खाटा, सहा यंत्रं
आणि भिंतीवर टीव्ही, त्याचा रिमोट माझ्या खिशात.
सोम, बुध, शुक्र. अकरा ते तीन.
सुया टोचून झाल्या, नळ्या लाल झाल्या
की कुणीतरी म्हणतंच, "ब्रदर, लावा ते यान."

आज बुधवार, आठवा भाग.
यानात बारा माणसं झोपलेली, काचेच्या पेट्यांत,
आणि वीज उरलेली सातांपुरती.
जागी एकटीच, पेट्या राखणारी बाई.
ती रात्रभर (तिथं रात्रच असते) नावं वाचते,
मग एकेक दिवा विझवते.
पाचव्या पेटीत तिचा भाऊ.
संगीत नाही. नावांच्या पाट्या वर सरकल्या
आणि खोलीत नुसते पंप ऐकू येत राहिले.

आधी बोलले विलास कुरणे, एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर.
"बुकिंग बाराचं आणि डिझेल सातांचं?
डेपो मॅनेजरला निलंबित करा पहिला."

रजाकभाई सतारी जुळवायचे.
"बाईनं काम लई चांगलं केलंय.
विझवताना बोट नाही हललं, खांदा हलला.
तार तुटली की हादरा खुंटीलाच बसतो."

तेजपाल चौगुले, बावीस वर्षांचा, डिप्लोमा अर्धा सुटलेला,
मोबाइलवर हिशेब मांडत होता.
पाळ्या लावल्या असत्या तर?
सात दिवे बारा जणांत फिरते ठेवले असते तर?
"आपण नाही का, सहा यंत्रांवर छत्तीस जण?"
कुणी त्याला खोडलं नाही.

कवठेपिरानच्या इंदुमती मगदूम
डोळे मिटून सगळं ऐकत होत्या.
"रडू आलं, पर गिळलं.
माझं पाणी दिसाला एक तांब्या, मोजून.
त्या परक्या बाईपायी कुठं सांडू?"
"सांडा की काकू," कुरणे म्हणाले,
"तेवढंच वजन उतरंल."

चार नंबरच्या खाटेवर
खाडे गुरुजी सातव्या भागापर्यंत होते.
"शेवट सांगू नका रे," हे त्यांचं नेहमीचं.
आता तिथं विट्याची नवी पोरगी, पहिलाच आठवडा.
तिला विचारलं, कसा वाटला?
म्हणाली, मी मागचे भाग नाही बघितले.

मग दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.
खरीच गेली.
सहा यंत्रं एका दमात किंचाळली,
बॅटऱ्या जुन्या, त्याही बसल्या,
खाली जनरेटर नुसता खोकत होता.
पंपात हँडल घालून मी फिरवू लागलो.
पलीकडं सुवार्ता सिस्टर.
विट्याच्या पोरीची आई, हात कापत, पण फिरवत.
डबा घेऊन आलेला मगदूमबाईंचा जावई.
कुरणेंची नात, तेजपालचे वडील.
रजाकभाईंनी मोकळ्या हातानं
आपला पंप आपणच घेतला,
खुंटी पिळावी तसा, बेतानं, कान लावून.
चार मिनिटं.

वीज आली. टीव्ही आपला आपण सुरू झाला,
तीच बाई, तेच यान. मी बंद केला.
"चूक आहे त्यात," तेजपाल म्हणाला.
"पेट्यांना हँडल का नाही दिलं?"
"दिलं तरी फिरवणार कोण? एकटीच ती."
"एकाला उठवायचं."
"दोघं किती वेळ पुरणार?"
"तिसऱ्याला उठवायचं."
"अशानं झोपणार कोण मग?"
रजाकभाई म्हणाले, "कोणी नाही."

तीन वाजता सुया काढल्या.
कापसावर ज्याचं त्यानं बोट दाबून धरलं.
वजनं लिहिली.
इंदुमती मगदूम, एकेचाळीस किलो दोनशे.
"परवा नववा हाय का?"
नाही म्हटलं, हाच शेवटचा.
"सुटलो," खाटेखाली चप्पल चाचपत त्या म्हणाल्या.
"परवा सैपाकाचं लावा कायतरी.
चिंच, टमाटं, शहाळं,
आमाला बंद हाय ते समदं."