ओके

खांबावरून भटूनानांचा फोन,
“लाईन बंद करी का रे?”
सबस्टेशनातून मी म्हणालो, ओके.

माझ्या ओकेचा अर्थ : ऐकलं, करतो.
वर पोचला तो : केलं.

पारोळ्यात तेव्हा सगळंच ओके चालायचं.
उधारी ओके. सोयरीक ओके.
भरीत ओके, म्हणजे मीठ कमी.
बायको नुसतं ओके म्हणाली
की दोन दिवस अबोला.
साहेबांचं ओके म्हणजे, जा आता.

नाना वाचले. दोन बोटं गेली.

धुळ्याच्या दवाखान्यात
पट्टीतला हात उशीवर ठेवून
त्यांनीच विचारलं, “जेवना का भो?”

ओठांवर आलेला तो शब्द गिळला,
“हा, जेवनू” म्हणालो.

सकाळपासून चहासुद्धा
घेतला नव्हता.