मेरेटेबाईंना उत्तर

मेरेटेबाई, तुमचं पत्र पोचलं.
पोस्टमन दोन दिवस ते खिशात घेऊन
चोपड्याच्या धक्क्यावर विचारत होता,
तार धरणारा पोरगा कोण म्हणून.
तो मी. शाळेत भूगोल शिकवायचो, आता निवृत्त.

तुम्ही पाठवलेली भावाची यादी वाचली, चष्मा दोनदा पुसून.
अकरा शिवणयंत्रांसाठी रचना, कोपनहेगन, अडुसष्ट.
तोंडात पाणी धरून गायचा ऑपेरा, एकच प्रयोग
(मध्यंतरानंतर सहा प्रेक्षक, असं तुम्हीच लिहिलंय).
सतरा तबकड्या. तीन पुस्तकं,
त्यातलं एक नुसत्या स्वल्पविरामांचं.
आणि मग सत्याहत्तर ते एक्याऐंशी
एक आडवी रेघ.
रेघेखाली तुमच्या पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह.

ती रेघ आमच्या आगरवाड्याची.

एस्किल आला तेव्हा मी तेरा वर्षांचा.
हिप्पी म्हणून लोकांनी पोरींना आत बोलावलं.
पण ह्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत काळे मोजे,
खांद्यावर टेपरेकॉर्डर, करडाएवढा जड.
खोली घेतली कायतान पोदेराच्या भट्टीमागे,
का, तर भिंत रात्री आतून तडतडते.

दिवसाला आठ आणे. मार्चच्या उन्हात
तो मिठागराच्या बांधावर पालथा पडायचा,
कान पाण्याला लावून.
दुपारी दीडच्या सुमाराला खारं पाणी साय धरतं
आणि सायीला खडे येतात. त्याचा आवाज असतो.
मी त्या आगरात वाढलो, मला ठाऊक नव्हतं.
आईलाही नव्हतं. तिच्या टाचांच्या भेगांना
मीठ ठाऊक होतं, तेवढंच.
त्याने एकदा तिच्या कानांना यंत्र लावलं.
ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली. मग म्हणाली,
'इतलीं वर्सां, आनी म्हाका कोणें सांगूंक ना.'

म्हाळू पर्सेकराकडे घुमट शिकायला गेला.
कातडं तापवून ताणायचं, तर हा सैलच वाजवायचा.
म्हाळू म्हणाला, हा मेलेल्या घोरपडीला विचारतोय,
बरी आहेस ना?
चवथीच्या आरतीला त्याला बसवलं नाही.

मानशीचं राहिलंच. मानस म्हणजे
खाडीच्या बांधातलं लाकडी दार.
भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं,
मिटताना फळ्या एकमेकींवर आपटतात.
एस्किल मोजायचा, वहीत लिहायचा:
एकेचाळीस ठोके, शेवटचा अर्धा.
अर्धा म्हणजे काय, मी विचारलं.
म्हणाला, पाण्याने हात मागे घेतला.

कार्यक्रम एकदाच झाला. शिगम्यानंतरचा शनिवार,
शाळेची पडवी, दोन कर्णे, माणसं बावीस,
त्यांतली अर्धी दशावतार समजून आलेली.
टेप सुरू झाली. कुणाला काही ऐकू येईना.
मग वीज गेली.
कुणी उठायच्या आत, काळोखात,
खाली खरी मानस मिटायला लागली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या,
त्यांना वाटलं, आत्ता कुठे सुरू झालं.
एस्किलही वाजवत होता.
मला दिसलं नाही, त्याच्या टाळीला अंगठीचा टणत्कार असायचा.

त्या वर्षांत काय रचलं, तुम्ही विचारता.
चौदा टेपा माझ्याकडे ठेवून गेला.
सात बुरशीने खाल्ल्या. दोन माझ्या भावाने
शेतावर ताणल्या, पाखरं उडवायला.
वाऱ्यात त्या गुणगुणायच्या, पाखरं यायचीच.
उरलेल्या पाच पाठवतोय, कापसात गुंडाळून.

स्वल्पविरामांचं पुस्तक मात्र राहू दे.
डॅनिशमधलं तेवढंच मला वाचता येतं.

आगर आता अर्धं उरलंय. मानस सिमेंटची केली,
तिला लोखंडी झडप. ठोका एकच पडतो.
तोही मी मोजतो.