वळसा

स्वान्सीत कुणाची मोरी तुंबली
की फोन मला येतो.
माझ्या पिवळ्या गाडीत शंभर मीटर रबरी नळी आहे,
कॅमेरा आहे,
आणि काही केल्या न जाणारा एक वास.
लोक ओशाळून दार उघडतात,
जणू पाइपातलं सगळं त्यांनी एकट्यानंच केलंय.
मी म्हणतो, अहो, हे सगळ्यांच्याच घरी होतं.

स्वतःच्या घरी मात्र हे वाक्य मला सुचलं नाही.

मॅक्सन सात वर्षांचा.
रेडिएटरच्या मागे त्याच्या चड्ड्या सापडायच्या,
बोळा करून कोंबलेल्या, वाळून कडक.
शाळेतून दुहेरी गाठ मारलेली पिशवी यायची.
फाटकापाशी ती हातात देताना
बाई हवेबद्दल बोलायच्या.
‘वास येतोय. तुला येत नाही?’
‘नाही.’
‘खोटं बोलू नकोस.’
तो वॉलपेपरवरच्या होड्या मोजत राहायचा.
एकदा मी ती चड्डी त्याच्या नाकाशी धरली.
हे नेरिसला अजून माहीत नाही.

दवाखान्यातल्या नर्स, मिसेस प्रॉबर्ट,
साठीच्या, गळ्यात चष्म्याची दोरी,
माझ्याशी नाही, सरळ त्याच्याशी बोलायला लागल्या.
‘शी’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला
जसं कुणी ‘पाव’ म्हणावं.
कागद ओढला, एक नळी काढली,
खाली पिशवी, पिशवीत दगड.
एकदा दुखलं म्हणून धरून ठेवलं,
धरून ठेवलं म्हणून कडक झालं,
कडक झालं म्हणून पुन्हा दुखलं.
पिशवी ताणत गेली, जुन्या मोज्यासारखी,
भरली तरी आता सांगत नाही.
मग पेन्सिलीनं दगडाच्या कडेनं
एक बारीक रेघ खाली आणली.
‘पातळ असतं ते असं निसटतं. त्याला कळतच नाही.
आणि वासाची नाकाला सवय होते,
तुम्हाला हे मी काय सांगू?’

मी त्या रेघेकडे बघत राहिलो.
पंधरा वर्षं हेच तर करतोय.
तुंबलेल्या पाइपाला वळसा घालून
पाणी भलत्याच अंगणात वर येतं,
तेव्हा अंगणावर कोण ओरडतं?

मग पुड्या. संत्र्याच्या सरबतात ढवळून,
रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त.
आधी बिघडेल, असं बजावलं होतं.
बिघडलं.
मशीन रात्री दोनलाही फिरत होतं,
नेरिस पायरीवर बसून टोस्ट खात होती,
आणि आम्ही दोघं कशावरून तरी हसलो,
आता आठवत नाही कशावरून.
शनिवारी दुपारी आतून हाक आली.
गेलो तर तो घामानं थबथबलेला, ओठ पांढरे.
‘दगड गेला का, डॅड?’
मी वाकून पाहिलं, जन्मभर लोकांचं पाहत आलो तसं,
पण असं कधीच नाही.

आता रोज न्याहारीनंतर दहा मिनिटं.
पायाखाली फळीचा स्टूल, मीच केलेला, जरा डुगडुगतो.
हातात साबणाचे फुगे, फुंकलं की पोटाला जोर येतो.
तक्त्यावर तारा मिळतो तो बसण्याचा,
झालं की नाही याचा नाही.

ईस्टरला आजीकडे चार दिवस पुड्या राहिल्या,
आणि पुन्हा रेडिएटरमागे हात घालावा लागला.
‘महिने लागतात,’ मिसेस प्रॉबर्ट म्हणाल्या,
‘कधी वर्षही. मोजा हळूहळू आवळतो.’
त्यांच्या आवाजात आश्चर्य नव्हतं,
तेवढ्यावर आम्ही घरी आलो.

काल गाडीत, सिग्नलला, मी सांगून टाकलं:
त्या दिवशी तुझ्या नाकाशी धरली, ती माझी चूक.
‘कधी?’ तो म्हणाला.
विसरला असेल. किंवा मला सोडवत असेल.
सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला.
‘आज पुडी मी ढवळणार,’ तो म्हणाला,
‘तू गुठळ्या ठेवतोस.’